अर्ध्या बोटाची उंची

यंदाही सोयाबीन काढणीला आलं आणि माझे तळवे ठणकायला लागले. दरवर्षी हे होतं. जळकोटच्या शिवारात मळणीयंत्रं घरघरायला लागली, हायवेच्या कडेनं भुसकटाचा धुरळा उडायला लागला, की टाचेपासून बोटांपर्यंत एक कळ निघते. डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, पायाला काही झालेलं नाही. मी म्हणाले, जे झालं त्याला चौदा वर्षं झाली. त्यानं गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

चौदा वर्षांपूर्वीच्या काढणीत माझ्या मायनं मला आठ दिवस मारलं. कपडे धुवायच्या लाकडी धोपाटण्यानं, उघड्या तळव्यांवर, रोज संध्याकाळी, मोजून. मारायला तिला मीच सांगितलं होतं.

हे ऐकून कुणी हळहळायला लागलं की माझं डोकं फिरतं. माझी पिठाची गिरणी आहे, आणि गावातल्या बायका म्हणतात की गिरणीच्या पट्ट्यापेक्षा अनिताची जीभ जोरात चालते. म्हणोत. पहाटे गिरणी उघडायच्या आधी मी शाळेमागच्या मैदानावर गावातल्या पोरींना पळवते. पोलीस भरतीची तयारी. फी घेत नाही, शिव्या देते. दर मोसमात एखादी पोरगी सगळ्या गेल्यावर मागं रेंगाळते, बुटाची नाडी सोडते, पुन्हा बांधते, आणि शेवटी विचारते, "ताई, माझं एकवीस सरलंय. आता उंची वाढती का वो?"

"न्हाय."

"थोडीबी?"

"थोडीबी न्हाय. आणि कुणी वाढती म्हणलं तर त्याचं नाव सांग मला."

हाडांच्या टोकाला कोवळी कूर्चा असते, तिच्यामुळं माणूस वाढतो. वयात आल्यावर चार-पाच वर्षांत तिचं पक्कं हाड होतं. मग दूध प्या, पावडर खा, कडुलिंबाला लोंबकळा, काही होत नाही. मी पोरींना हे खडूनं शाळेच्या भिंतीवर काढून दाखवते. त्या मान हलवतात आणि घरी जाऊन लिंबाला लोंबकळतात. मला माहीत आहे. मीसुद्धा लोंबकळलेय, दोन्ही पायांना विटा बांधून.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. गावात माझ्याइतकं कुणी पळत नव्हतं, पोरंसुद्धा नाही. पण भरतीला मुलींना एकशे पंचावन्न सेंटीमीटर उंची लागते आणि मी कमी पडत होते. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, एक दिवस शिंप्याकडची फीत घेऊन आले. घराच्या चौकटीला त्यांनी ती धरली, एकशे पंचावन्नवर बोट ठेवलं आणि हातातल्या विळ्यानं लाकडात खाच मारली. ढलपी उडून माझ्या गालाला लागली.

"हितं डोकं लागलं तर पोलीस हो," ते म्हणाले. "न्हाय लागलं तर दिवाळी झाली की हळद. तामलवाडीच्या लोकांना म्या जबान दिलीय."

"दादा, तो पोरगा मला नको."

"तुला कोन इचारलं?"

एवढंच बोलणं झालं. आमच्या घरात एवढंच व्हायचं. त्यापुढं बोललं की दादांचा हात उठायचा, आणि तो माझ्यावर कमी, मायवर जास्त उठायचा. मी उलट बोलले तरी मार तिला. भाकरी करपली तरी तिला. बैल बुजला तरी तिला. बैलाला हाणायची चामड्याची वादी दाराच्या खुंटीला टांगलेली असायची आणि बैलांच्या पाठीवर तिचे वळ मी फारसे पाहिले नाहीत.

तो मोसमच तसला होता. ज्याला बघावं त्याच्या हातात काहीतरी उगारलेलं. दिवसभर विळे चालायचे. कापलेल्या सोयाबीनचे सड जमिनीतून सुळ्यासारखे वर उभे राहायचे आणि चप्पल फोडून पायात घुसायचे. वाळल्या शेंगा उन्हानं तडातड फुटायच्या, दाणा डोळ्यावर बसायचा. एकदा गंजीखालून नाग निघाला. दादांनी त्याला खोऱ्यानं ठेचलं, मेल्यावरही ठेचत राहिले. पार चिखल केला त्याचा. मग खोरं बांधावर पुसलं आणि मला म्हणाले, "बघत का उबी ऱ्हायलीस, पेंढ्या उचल." मी पेंढ्या डोक्यावर घेऊन खळ्याकडं चालायला लागले. एक पेंढी, दुसरी, तिसरी. दिवस मावळेपर्यंत.

आमचा दिवस असा असायचा. पहाटे उठून मी मैदानावर पळायला जायची, तिथून थेट शेतात. दिवसभर वाकून कापणी आणि डोक्यावर ओझी. घरी आले की हातपाय धुवायच्या आधी चौकटीला पाठ लावून उभी राहायची. माय स्टुलावर चढायची, माझ्या डोक्यावर भाकरीचं पीठ चाळायची चाळणी आडवी धरायची आणि खाचेकडं बघायची.

"किती ग?"

"अर्ध बोट."

"कमी?"

"कमीच की पोरी. जास्ती असतं तर म्या नाचले नसते का?"

रोज अर्ध बोट. पावडरीचे दोन डबे संपले, लिंबाची फांदी सोलून निघाली, माझे खांदे निखळायची पाळी आली, अर्ध बोट हललं नाही. भरतीला नऊ दिवस राहिले होते. मैदानावर एक पोरगी म्हणाली की तिच्या मावसभावानं तळव्यांवर मार खाल्ला होता. तळवे सुजतात, सूज हाडाखाली भरते, माणूस वर उचलला जातो. तो लागला म्हणे भरतीत. मी घरी आले, न्हाणीतून धोपाटणं आणलं आणि मायच्या पुढ्यात ठेवलं.

तिला आधी कळेना. कळल्यावर तिनं कानावर हात ठेवले. "अय्यव्वा! येड लागलं का ग तुला?" तिचं माहेर कर्नाटकाच्या कडेचं. घाबरली की तिच्या तोंडी तिकडचं यायचं.

"मग तामलवाडीला पाठव. तिथं कुनीतरी मारंलच की फुकट. तुला तर ठाऊकाय लग्नात काय असतंय."

हे बोलू नये ते मी बोलले. तिनं माझ्याकडं बघितलं, मग खुंटीवरच्या वादीकडं, आणि पदर कमरेला खोचला.

माझ्या मायनं आयुष्यात माझ्यावर हात उगारला नव्हता. घरात आधीच भरपूर मार आहे, आपण कशाला भर घालायची, असं ती म्हणायची. ती पहिल्या संध्याकाळी खाली बसली, माझे पाय मांडीवर घेतले, ओल्या फडक्यानं पुसले आणि बोटानं चाचपत राहिली. टाचेच्या पुढं, बोटांच्या मागं. "हितं मारलं की सुजतं," ती म्हणाली. "हितं मारलं तर हाड जातं. हितं मारायचं न्हाय, हितली कळ मस्तकात जाती आणि म्हाताऱ्यापनी परत येती."

"तुला गं कसं ठाऊक एवढं?"

"मला न्हाय तर कुनाला?" असं म्हणून तिनं पहिला फटका मारला.

तळपायाची आग मस्तकाला जाते असं आपण रागावल्यावर म्हणतो. मी सांगते, ती खरंच जाते. पोटरीतून, मांडीतून, कण्यातून चढते आणि डोळ्यांमागं जाऊन बसते. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. दादा ओट्यावर बिडी ओढत बसलेले. त्यांनी एकदा आत डोकावलं, हसले आणि म्हणाले, "वासराला ठोकून बैल व्हत नसतो." मी मायला म्हणाले, थांबू नकोस. ती म्हणाली, एकानं सुजत न्हाय, धीर धर. दहा उजव्याला, दहा डाव्याला. शेवटचे फटके ती डोळे मिटून मारायची आणि तरी नेम चुकायचा नाही.

आठवा दिवस संपला तेव्हा माझ्या पायात चप्पल जात नव्हती. चाळणी खाचेला लागली. माय स्टुलावरनं उतरली आणि खरंच नाचली, स्वयंपाकघरात, एकटी, तोंडावर हात दाबून.

भरतीला जिल्ह्याच्या गावी जायचं होतं. आम्ही मायलेकी आदल्या दिवशीच एका नातेवाइकाच्या घरी जाऊन राहिलो आणि उजाडायला मैदानाच्या भिंतीशी आलो. मायनं पिशवीतून भाकरी बांधलेल्या धडप्याखालून धोपाटणं काढलं. सूज रात्रीतून उतरली असली तर, अशी तिला धास्ती. तळव्यांना हात लावला तर मी किंचाळले असते, म्हणून मी डोकं पुढं केलं. टेंगूळ आलं तर तेवढंच. तिचा हात वर गेला आणि वरच राहिला.

"मला व्हत न्हाय ग."

"तुला माझी शपथ हाय, मार."

तिनं मारलं. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली, जीभ दाताखाली सापडली, तोंडात रक्ताची चव. ती माझा चेहरा धरून पदरानं तोंड पुसत होती आणि पुसता पुसता बोलत होती, जा माय, जा, आता जा.

आत मोजणाऱ्या बाईंनी पट्टी खाली ओढली. ती टेंगळावर टेकली तेव्हा मी ओठ चावून उभी. "एकशे छप्पन," त्या ओरडल्या आणि दुसऱ्या बाईंनी लिहून घेतलं. एक पूर्ण सेंटीमीटर वर! मी कुंपणाच्या जाळीकडं बघितलं. माय तिथं बोटं अडकवून उभी होती. मी तिला हातानं खूण केली आणि ती जागच्या जागी खाली बसली.

मग आठशे मीटरची शिट्टी झाली. आमच्या मैदानावर मी ज्या पोरींना अर्धी फेरी मागं सोडायची, त्या माझ्या अंगावरून गेल्या. पहिल्या वळणावर उजव्या तळव्याची कातडी फुटली. नाड्या सोडून कसेबसे चढवलेल्या बुटात ओलं झालं. दुसऱ्या फेरीत मी पळत नव्हते, स्वतःला शिव्या देत पाय पुढं टाकत होते. दातओठ खाऊन शेवटाला पोचले, थांबले नाही, पण वेळ निघून गेली होती. गोळाफेकीला उभं राहवेना. यादी लागली तेव्हा दोन गुणांनी गेले.

मार्गशीर्षात माझी हळद झाली. दादांनी जबान पाळली. नवऱ्यानं पहिल्या महिन्यात कानाखाली वाजवली, दुसऱ्यात काठी घेतली. चुलीपुढं पीठ मळायची लाकडी काटवट होती, मी तीच त्याच्या तोंडावर हाणली. दोन वर्षं आम्ही असेच नांदलो. कधी तो वरचढ, कधी मी. शेवटी त्याच्या आईनंच मला बसमध्ये बसवून दिलं. म्हणाली, पोरी, जा तू, न्हायतर ह्या घरातनं एक मढं निघंल. शहाणी बाई होती. दादांनी मला घरात घेतलं, पण मरेपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. वादी मी तेराव्यानंतर ओढ्यात फेकली. धोपाटणं राहिलं, कारण धुणी रोजच असतात.

आणि मायची गोष्ट राहिली. ती गोष्ट ती ज्याला त्याला सांगते. लग्नात, बारशात, गिरणीच्या ओट्यावर. "पळनं कमी पडलं पोरीचं, पर उंची म्या दिली. ह्या हातानं. देवानं जेवढी केली त्याच्यावर येक बोट म्या वाढवली." हात पुढं करून दाखवते. आयुष्यभर मार खाल्लेल्या बाईला एवढी एकच गोष्ट सांगण्यासारखी मिळाली होती. मी पिठाच्या धुरळ्यात उभी राहून ऐकायची, आणि दर वेळी मनात यायचं, म्हणू दे तिला.

कारण तीन वर्षांपूर्वी मला खरं कळलं होतं. पोती उचलून कंबर गेली म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरनं मणक्याचं चित्र दाखवलं. मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात. दिवसभर उभं राहून, ओझी वाहून त्या दबतात. झोपेत पुन्हा फुगतात. "सकाळी अंथरुणातून उठतो तेव्हा माणूस सेंटीमीटरभर उंच असतो," तो सहज बोलला. "संध्याकाळी परत तेवढाच." मी त्याच्याकडं बघत बसले. तो म्हणाला, काय झालं? मी म्हणाले, काही नाही.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या मी चौकटीला पाठ लावली, डोक्यावर चाळणी धरली आणि तिच्या कडेनं लाकडावर नखानं रेघ ओढली. वळून बघितलं. रेघ खाचेच्या वर. संध्याकाळी गिरणी बंद करून पुन्हा तेच केलं. रेघ खाचेच्या खाली. अर्ध बोट.

आम्ही नेहमी संध्याकाळी मोजायचो. दिवसभर पेंढ्या वाहिल्यावर. सकाळी वेळ कुणाला होता? भरतीवाले सकाळी मोजतात. मी पहिल्यापासून पुरेशी होते. एकही फटका नको होता. तळवे शाबूत असते तर मी त्या मैदानावर सगळ्यांच्या पुढं असते आणि आज माझ्या अंगावर खाकी असती. दुसऱ्या दिवशी मी गिरणी उघडली नाही. माय दोनदा विचारून गेली, काय ग, दुखतंय का? मी म्हणाले, कंबर.

सांगितलं नाही. सांगून काय करणार होते? तिच्या हातातली एकुलती एक गोष्ट काढून घेऊन तिथं काय ठेवणार होते? पण राग गेला नाही. दगडी जात्याला टाकी लावताना मी हातोडी जरा जास्तच जोरात मारायची, एवढं खरं.

परवा संध्याकाळी गिरणीतून घरी आले, तर आमच्या ओट्यावर कोमल बसलेली. पलीकडच्या गल्लीतली पोरगी, माझ्याकडं मैदानावर येते, वाऱ्यासारखी पळते. दिवसभर रोजानं सोयाबीन कापून आलेली, केसांत भुसकट. पाय पसरलेले, तळवे ओल्या फडक्यानं पुसलेले, तोंडात ओढणीचा बोळा. आणि समोर माझी माय, पासष्ट वर्षांची, धोपाटणं वर उचललेलं.

"काय करलालीस ग!" मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या घरातली भांडी थांबली. धोपाटणं हिसकावलं. मायचा हात पिरगळला गेला, ती कळवळली, मी सोडलं नाही.

"अर्ध बोट कमी पडलालंय पोरीचं," माय म्हणाली. "म्या आत्ता मोजलं. दोन दिवसांनी तिची भरती हाय. तुझं केलं तसं तिचं करते की."

"ताई, मीच म्हनलं आज्जीला," कोमल रडत म्हणाली. "तुमची वाढली न्हवं?"

माझ्या गप्प बसण्यानं ती पोरगी तिथं येऊन बसली होती. मी तिला म्हणाले, आज इथंच झोप. सकाळी उठलीस की कुठं जायचं नाही, थेट चौकटीला उभं राहायचं. मायला म्हणाले, आणि तू चाळणी धरायची.

काल उजाडताच कोमल अंथरुणातून उठून चौकटीशी आली, डोळे चोळत. माय स्टुलावर चढली. चाळणी धरली. बघितलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा बघितलं.

"वर हाय," ती म्हणाली. "रेघभर वर हाय. कोनी मारलं हिला?"

"कुनी न्हाय. झोपली फक्त. समद्यांची सकाळी तेवढी असती, माय. संध्याकाळी दबती."

कोमल हसायला लागली, नाचायला लागली. मायचा हात चाळणीवर तसाच. शाळा शिकलेली नाही, पण हिशेब तिला कधी चुकला नाही. ती स्टुलावरनं हळू उतरली.

"मंग तवा तुझीबी..."

"व्हय."

"म्या मारलं ते..."

खोटं बोलायचं होतं, तोंडातून निघेना.

ती न्हाणीपर्यंत चालत गेली. धोपाटणं घेऊन आली, माझ्या हातात दिलं. ओट्याच्या फरशीवर बसली, लुगडं घोट्यावर सारलं आणि दोन्ही पाय माझ्यापुढं पसरले. भेगा पडलेले, सडांनी टोचलेले, काळे तळवे. उजव्यावर टाचेपुढं एक जुना वण. तो दादांचा.

"मार," ती म्हणाली.

खोटं कशाला सांगू, मला मारायचं होतं. दादा नव्हते, तो नवरा नव्हता, ती दोन गुणांची यादी नव्हती. समोर हे दोन पायच होते. मी धोपाटणं दोन्ही हातांनी धरलं, डोक्यावर नेलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून खाली आणलं. ते तिच्या टाचेशेजारी बसलं आणि फरशीला आरपार तडा गेला. कोमल किंचाळली.

मायनं डोळे आधीच मिटले होते. मान खांद्यांत ओढून घेतलेली, दातावर दात. दादा ओट्यावरनं उठले की ती अशीच बसायची.

"चुकला नेम," ती तशीच म्हणाली. "नीट मार. लई कडक झालाय तळवा, एकानं सुजत न्हाय."

कोमलला मी म्हणाले, मैदानावर जा, पळ. ती गेली. न्हाणीची चूल पेटलेली होती, मी धोपाटणं तिच्यात घातलं. बाभळीचं लाकूड, लवकर धरेना. मी फुंकणी घेऊन फुंकत राहिले, धुरानं डोळे भरले. मागं वळून बघितलं तर माय अजून तिथंच होती. पाय पसरून, डोळे मिटून, पुढच्या फटक्याची वाट बघत.